डॅट्सन: एका स्वस्त मोटारीची हकीकत

मोटारगाडी स्वस्त करणें म्हणजे नेमकें काय करणें? कारखानदारानें नफा कमी घेतला कीं गाडी स्वस्त झाली, असें वर्गांतील पुष्कळ मुलांस वाटतें. परंतु नफा हा किंमतीचा लहानसा अंश असतो. तो सगळा सोडून दिला तरी गाडी फारशी स्वस्त होत नाहीं. ती स्वस्त करावयाची तर तिच्यांतून कांहीं तरी काढावें लागतें. कोठें पत्रा पातळ करावा लागतो, कोठें इंजिन लहान घ्यावें लागतें, कोठें एखादी सोय वगळावी लागते. तेव्हां खरा प्रश्न असा कीं, काय काढलें, आणि जें काढलें तें गाडी घेणाऱ्यास दिसतें कीं नाहीं? या प्रश्नाचा विचार करण्यास जपानांतील डॅट्सन या गाडीइतकें चांगलें उदाहरण मला ठाऊक नाहीं. हें नांव दोनदां जन्मास आलें व दोनदां लोपलें. पहिल्या जन्मीं तें अनेक देशांतील सामान्य कुटुंबांच्या तोंडीं होतें. दुसऱ्या जन्मीं तें आपल्या देशांत आलें, आणि वाचकांपैकीं कित्येकांच्या दारांत ती गाडी आजहि उभी असेल.

१९११ सालीं मासुजिरो हाशिमोटो नांवाच्या अभियंत्यानें टोकियो शहरांत मोटारींचा एक लहान कारखाना काढला. त्या काळीं जपानांत मोटार ही परदेशांतून येणारी व श्रीमंतांनींच वापरावयाची वस्तु होती. हाशिमोटोस भांडवलाचें साहाय्य करणारे तीन गृहस्थ डेन, आओयामा व ताकेउची या आडनांवांचे होते. १९१४ सालीं जी गाडी तयार झाली तिला या तिघांच्या आडनांवांचीं रोमन आद्याक्षरें जोडून ‘डॅट’ असें नांव देण्यांत आलें. याच उच्चाराजवळचा ‘दात्तो’ असा एक जपानी शब्द आहे, व त्याचा अर्थ उधळलेला ससा. साहाय्यकर्त्यांचें नांवहि राहिलें आणि वेगाची जाहिरातहि झाली! त्याच वर्षीं टोकियोंत भरलेल्या प्रदर्शनांत या गाडीस कांस्यपदक मिळालें. पुढें १९२६ सालीं हा कारखाना ओसाका येथील दुसऱ्या एका मोटार कारखान्याशीं एक झाला.

पदक मिळालें तरी गिऱ्हाइकें मिळत नव्हतीं. गाडीस खरा हात दिला तो एका सरकारी नियमानें. इंजिनाच्या नळकांड्यांत दट्ट्या जेवढी जागा झाडून काढतो तिचें घनफळ घनसेंटिमीटरांत मोजतात, व त्यावरून इंजिनाचा लहानमोठेपणा ठरतो. १९३० सालीं जपान सरकारनें ठरविलें कीं, ज्या गाडीचें इंजिन ५०० घनसेंटिमीटरांच्या आंत आहे ती चालविण्यास परवान्याची जरूरी नाहीं. ही संधि साधून कारखान्यानें ४९५ घनसेंटिमीटरांची एक चिमुकली गाडी १९३१ सालीं तयार केली. ती ‘डॅट’ची संतति म्हणून तिचें नांव इंग्रजी पद्धतीनें ‘डॅट-सन’, म्हणजे डॅटपुत्र, असें ठेवलें. परंतु जपानी भाषेंत ‘सोन’ या शब्दाचा अर्थ तोटा असा होतो. तोट्याचें नांव घेऊन बाजारांत कोण जाणार? म्हणून पुत्रवाचक अक्षरें बदलून सूर्यवाचक अक्षरें घातलीं. उच्चार जवळजवळ तोच राहिला आणि अपशकुन टळला. याच सुमारास योशिसुके आयकावा या उद्योगपतीनें हा धंदा आपल्या हातीं घेतला. १९३४ सालीं त्याच्या कंपनीचें नांव निस्सान असें झालें, व १९३५ च्या एप्रिलांत योकोहामा येथील नव्या कारखान्यांतून पहिली डॅट्सन बाहेर पडली. त्या वर्षींच्या गाडीच्या नाकावर उडी घेणाऱ्या सशाची एक लहान मूर्ति बसविलेली असे. नंतर युद्ध आलें, खासगी गाड्या बंद पडल्या, आणि त्यांचें काम पुन्हां सुरू होण्यास १९४७ साल उजाडलें.

युद्धानंतरच्या जपानांत सामान्य गृहस्थास गाडी परवडत नव्हती. डॅट्सनचे मोठे गिऱ्हाईक म्हणजे टॅक्सीवाले. ही गोष्ट वरवर क्षुल्लक वाटते, पण गाडीच्या स्वभावावर तिचा फार परिणाम झाला. घरची गाडी महिनाभरांत जेवढी चालते तेवढी टॅक्सी चारदोन दिवसांत चालते, आणि त्या काळीं जपानांतील पुष्कळ रस्ते खडीमातीचेच होते. अशा रस्त्यांवर जी गाडी मोडते तिच्याविषयीं टॅक्सीवाला गप्प बसत नाहीं, कारण गाडी उभी राहिली कीं त्याची त्या दिवसाची कमाई गेली. म्हणून या गाड्या जड, टणक व दुरुस्तीस सोप्या झाल्या. १९५२ सालीं निस्साननें इंग्लंडांतील ऑस्टिन कंपनीशीं करार करून तिच्या गाड्या जुळविण्याची विद्या आत्मसात केली, आणि १९६० सालीं मालाच्या गुणनियंत्रणाकरितां दिलें जाणारें डेमिंग पारितोषिक तिला मिळालें.

१९५८ सालीं ऑस्ट्रेलिया खंडास वळसा घालणारी सुमारें १६,००० किलोमीटरांची एक अत्यंत खडतर शर्यत झाली. तींत ‘फुजी’ व ‘साकुरा’ अशीं नांवें दिलेल्या दोन डॅट्सन गाड्या उतरल्या. इंजिन अवघें हजार घनसेंटिमीटरांचें. तरीहि ‘फुजी’ आपल्या वर्गांत पहिली आली. या पथकाचा प्रमुख युताका काटायामा हा होता, व पुढील हकीकतींत त्याचें नांव पुन्हां यावयाचें आहे.

लौकरच काटायामाची रवानगी अमेरिकेस झाली, आणि तेथें निराळाच अनुभव आला. जी गाडी ऑस्ट्रेलियाच्या खडकाळ वाटेवर टिकली तीच अमेरिकेच्या गुळगुळीत रुंद रस्त्यांवर ओशाळवाणी होऊन बसली. तिची शक्ति चाळीस अश्वशक्तींच्याहि आंत. मागून येणारीं मोठीं धुडें भरधांव निघून जात, आणि चढ आला कीं हिचा जीव वर येई. थंडीच्या दिवसांत सकाळीं इंजिन सुरू होण्यास त्रास, गतिरोधक दुबळे, अशा तक्रारी येऊं लागल्या. गाडीचे लहान मालवाहू प्रकार तेवढे बरे खपत, कारण माळी, सुतार, शेतकरी यांस वेगापेक्षां टिकाऊपणाची किंमत अधिक.

येथें काटायामानें जें केलें तें मला या सगळ्या इतिहासांतील सर्वांत मोलाचें कृत्य वाटतें. तो विक्रेत्यांकडे जाऊन त्यांचीं गाऱ्हाणीं ऐके आणि तीं टोकियोस कळवी. मालाला दोष देणारें पत्र आपल्याच वरिष्ठांस लिहावयाचें हें सोपें काम नव्हे. काटायामाचे आणि टोकियोंतील मंडळींचे त्यावरून वरचेवर खटके उडत. परंतु त्याच्याच आग्रहानें १९६८ सालीं अमेरिकेंत आलेल्या ‘५१०’ या गाडीस १३०० ऐवजीं १६०० घनसेंटिमीटरांचें इंजिन मिळालें. तिची शक्ति ९६ अश्वशक्ति, मागील दोन्ही चाकांस स्वतंत्र झोके घेतां येतील अशी रचना, आणि किंमत दोन हजार डॉलरांस चार डॉलर कमी. तशी रचना तोंपर्यंत बहुधा महागड्या युरोपीय गाड्यांतच आढळे. या गाडीची स्तुति करतांना लोक तिला गरिबाची बी. एम्. डब्ल्यू. म्हणत. पुढें आलेल्या ‘२४० झेड्’ या दोन आसनी गाडीवर जपानांत ‘फेअरलेडी’ असें नाजूक नांव होतें. तें अमेरिकेंत हास्यास्पद होईल म्हणून काटायामानें तें गाड्यांवरून काढविलें. हा गृहस्थ पुढें १०५ वर्षांचा होऊन २०१५ सालीं वारला.

इकडे जपानांत १९६६ सालीं कुटुंबांकरितां ‘सनी’ ही लहान गाडी निघाली. तिचें नांव लोकांकडूनच मागविलें होतें, आणि त्यासाठीं ऐंशी लाखांच्यावर सूचना आल्या. तिची किंमत ४,१०,००० येनांपासून होती. ती इतकी हलकी केली होती कीं लहान इंजिनहि तिला पुरून उरे. इंधन थोडें लागे, घासणारे भाग कमी झिजत, आणि अंगावरील अलंकार मात्र पार काढले होते. हें काढणें गिऱ्हाइकास दिसत होतें, व तें त्यानें राजीखुषीनें पत्करलें होतें.

या गाड्यांच्या टणकपणाची साक्ष पूर्व आफ्रिकेंतील सफारी शर्यतीनें दिली. धुळीचे लोट, चिखलाचे डोह, वाटेंत आडवीं येणारीं जनावरें, आणि हजारों किलोमीटरांची मजल! १९७० सालीं डॅट्सननें ती जिंकली, १९७१ सालीं पुन्हां जिंकली. १९७३ सालीं ती जिंकणारा चालक शेखर मेहता हा युगांडांत जन्मलेला, भारतीय वंशाचा होता. त्यानेंच पुढें १९७९ पासून १९८२ पर्यंत लागोपाठ चार वर्षें ती डॅट्सनवरच जिंकली. एका मनुष्यानें पांच वेळां ही शर्यत जिंकावी हा मोठाच पराक्रम होय, आणि आपल्याकडे त्याचें नांव जितकें ठाऊक असावयास पाहिजे तितकें नाहीं.

१९७३ च्या ऑक्टोबरांत अरब राष्ट्रांनीं तेलाची कोंडी केली आणि पेट्रोलचे भाव भडकले. कालपर्यंत हिणविली जाणारी लहान गाडी एकाएकीं शहाणपणाची ठरली. इंग्लंडांत तर डॅट्सनच्या ‘चेरी’ व ‘सनी’ घरोघर दिसूं लागल्या. तेथील मालकांचे अनुभव मोठे बोधक आहेत. त्यांचें म्हणणें असें कीं, थंडींत किल्ली फिरविली कीं गाडी सुरू होते, वाटेंत बंद पडत नाहीं, आणि रेडिओसारख्या ज्या वस्तूंस देशी कारखानदार निराळे पैसे मागतात त्या येथें मूळ किंमतींतच मिळतात. पण चारपांच हिवाळे गेले कीं त्याच मालकांची दुसरी तक्रार सुरू होई: गाडी गंजते! इंजिन ठणठणीत आणि खालचा पत्रा चाळणी, अशी अवस्था.

याचें कारण विज्ञानाच्या पुस्तकांत सांपडतें. त्या देशांत हिवाळ्यांत रस्त्यावरील बर्फ वितळावा म्हणून मीठ टाकतात. खारें पाणी विजेचें चांगलें वाहक असल्यामुळें लोखंड गंजण्याची क्रिया त्यांत फार जलद होते. गाडी हलकी व्हावी म्हणून पत्रा पातळ घेतलेला, त्यावर जस्ताचा थर नाहीं, आणि दुमडींत साचलेलें पाणी बाहेर पडण्यास वाट नाहीं. मग गंजास आणखी काय पाहिजे? पत्र्याची जाडी व आंतील लेप या वस्तु दुकानांत उभ्या असलेल्या गाडीवर दिसत नाहींत. सनीचे अलंकार काढलेले सर्वांस दिसत होते. हें काढलेलें मात्र पांच वर्षांनीं दिसलें. पुढें कंपनीनें गंजरोधक लेप व चांगला पत्रा वापरून हा दोष पुष्कळ कमी केला.

इतकें नांव कमावल्यावर कंपनीनें तें पुसून टाकावें ही विचित्र गोष्ट घडली. जगभर एकच नांव असावें म्हणून १९८१ सालीं निस्साननें जाहीर केलें कीं, डॅट्सन हें नांव हळूहळू बंद होईल. १९८६ पर्यंत तें झालें. दुकानांच्या पाट्या, जाहिराती वगैरे मिळून या नामांतरास सुमारें पन्नास कोटि डॉलर लागले असा अंदाज आहे. तरीहि १९८८ सालीं अमेरिकेंत पाहणी केली तेव्हां डॅट्सन हें नांव निस्सानइतकेंच लोकांच्या ओळखीचें व आदराचें असल्याचें आढळलें. पाटी एका दिवसांत उतरते. ओळख तशी उतरत नाहीं.

याच ओळखीवर भिस्त ठेवून २०१२ च्या मार्चांत निस्सानचे तेव्हांचे प्रमुख कार्लोस घोन यांनीं जकार्ता येथें घोषणा केली कीं, भारत, इंडोनेशिया, रशिया यांसारख्या देशांकरितां स्वस्त गाड्यांचें नांव म्हणून डॅट्सन पुन्हां जिवंत होईल. त्याप्रमाणें चेन्नईजवळील ओरगडम येथें तयार होणारी ‘डॅट्सन गो’ ही गाडी २०१४ च्या मार्चांत सुमारें ३,१२,००० रुपयांपासून विक्रीस आली. २०१५ सालीं सात आसनांची ‘गो प्लस’ व २०१६ सालीं ‘रेडी-गो’ ही सुमारें २,३९,००० रुपयांपासूनची गाडी तिच्या मागोमाग आली.

‘गो’मध्यें काय काढलें होतें? पुढील काचेवर दोन पुसण्यांऐवजीं एकच पुसणी होती. रेडिओच्या जागीं मोबाइल अडकविण्याची खोबण होती. पुढील बाजूचा सामानाचा खण बिनझांकणाचा होता. हें सारें मालकांस दिसत होतें व त्याबद्दल कोणाची मोठीशी तक्रार नव्हती. उलट आंतील ऐसपैस जागा, हलकें सुकाणूं, १२०० घनसेंटिमीटरांच्या इंजिनाची चपळाई व कमी पेट्रोलांत लांब पल्ला यांची ते तोंड भरून वाखाणणी करीत. रस्त्याचा आवाज आंत फार येतो व दारें पातळ वाटतात, एवढें ते बोलून दाखवीत.

२०१४ च्या नोव्हेंबरांत न दिसणारी बाजू पुढें आली. ग्लोबल एन्-कॅप या संस्थेनें ही गाडी ताशीं ६४ किलोमीटर वेगानें दबणाऱ्या अडथळ्यावर आदळविली. मोठ्या माणसांच्या रक्षणाबाबत तिला पांचांपैकीं एकहि तारा मिळाला नाहीं. मुलांच्या रक्षणाबाबत दोन मिळाले. चांगल्या गाडीची रचना अशी असते कीं, नाकाकडचा भाग चुरगळून धक्का पिऊन टाकतो, आणि माणसें बसतात तो मधला पिंजरा आपला आकार सोडीत नाहीं. येथें तो पिंजराच दबला. तो इतका दबला कीं, अशा गाडीस एअरबॅग, म्हणजे धक्क्यासरशी फुगणारी हवेची पिशवी, बसवून देखील उपयोग नाहीं, असा अभिप्राय संस्थेनें दिला. संस्थेचे अध्यक्ष मॅक्स मोझली यांनीं घोन यांस पत्र लिहून गाडी विक्रींतून ताबडतोब काढून घ्यावी अशी मागणी केली. गाडी भारतांतील नियमांस धरून आहे, असें कंपनीचें उत्तर होतें. आणि तें खरेंहि होतें, कारण अशी टक्कर देऊन गाडी पारखण्याचा नियमच त्या वेळीं आपल्याकडे लागू नव्हता. त्याच चांचणींत आपल्याकडील एका फार लोकप्रिय गाडीसहि एकहि तारा मिळाला नव्हता, हेंहि न्यायाकरितां सांगितलें पाहिजे.

तो नियम नव्या नमुन्यांस १ ऑक्टोबर २०१७ पासून व चालू नमुन्यांस १ ऑक्टोबर २०१९ पासून लागू झाला. त्यांतील टकरीचा वेग ताशीं ५६ किलोमीटर आहे. ५६ आणि ६४ यांत फरक आठांचाच, असें मुलें म्हणतील. परंतु धांवत्या वस्तूच्या अंगची शक्ति वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते. ६४ चा वर्ग ४०९६, ५६ चा ३१३६. म्हणजे धक्का जवळजवळ तीस टक्क्यांनीं अधिक! १ जुलै २०१९ पासून चालकाकरितां एअरबॅगहि सक्तीची झाली. ‘गो’ गाडीस २०१८ च्या सुधारलेल्या आवृत्तींत दोन एअरबॅगा व चाकें आवळून घसरूं न देणारे गतिरोधक सरसकट देण्यांत आले. ‘रेडी-गो’स २०१९ च्या चांचणींत मोठ्या माणसांकरितां एक व मुलांकरितां दोन तारे मिळाले.

परंतु तोंवर गिऱ्हाईक दुसरीकडे वळलें होतें. माझ्या मतें त्याचें कारण केवळ ती चांचणी नव्हे. आपल्याकडील गृहस्थ आयुष्यांतील पहिली गाडी घेतो तेव्हां ती चार माणसांत शोभावी असेंहि त्यास वाटतें, आणि ‘सर्वांत स्वस्त’ हा शिक्का त्यास आवडत नाहीं. २०२० सालीं इंडोनेशिया व रशिया येथील डॅट्सन बंद झाली. २०२२ च्या एप्रिलांत भारतांतील उत्पादनहि थांबलें.

ज्यांच्या घरीं ही गाडी आहे, किंवा जे जुनी घेण्याच्या विचारांत आहेत, त्यांच्याकरितां थोडें सांगतों. उत्पादन थांबवितांना कंपनीनें दुरुस्ती, सुटे भाग व हमी यांची सेवा निस्सानच्या विक्रेत्यांमार्फत चालू ठेवण्याचें वचन दिलें होतें. ‘गो’चें इंजिन निस्सान मायक्राच्या जातीचें असून ‘रेडी-गो’चें इंजिन रेनॉ क्विडमध्यें वापरलेलें आहे, त्यामुळें या गाड्यांचें काम जाणणारा कारागीर मिळणें अवघड नाहीं. जुनी ‘गो’ पहावयास गेलांत तर रंग व गादी पाहण्यापूर्वीं नोंदणीपत्रावर ती केव्हां तयार झाली तो महिना पाहावा. २०१८ च्या ऑक्टोबरपूर्वींची असल्यास एअरबॅग आहे कीं नाहीं हें स्वतः पाहून घ्यावें, कारण त्या काळच्या बहुतेक ‘गो’ गाड्यांस ती नव्हती. कोंकणपट्टींतील खाऱ्या हवेंत वापरलेली असेल तर गाडी उचलून खालचा पत्रा, दारांच्या खालच्या कडा आणि मागील चाकांच्या वरच्या दुमडी बोट फिरवून तपासाव्या. आणि पाठीमागें मुलें बसणार असतील तर मागील पट्टे ओढून पाहावे. पुष्कळ घरीं ते गादीखालीं दडपलेले असतात.